दीडशेची मुलाखत

दीडशे नापास झाली तर डॉक्टरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. आणखी निदान वर्षभर दवाखान्यातली कार्डं मागितल्या क्षणी हातात आली असती. टेबलावरून उडी मारून कपाटाखाली शिरलेल्या मांजरांना बाहेर काढायला स्वतःचे गुडघे झिजवावे लागले नसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जनावरांच्या मालकांशी बोलावं लागलं नसतं. चवताळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालताना डॉक्टरांची पापणी हलायची नाही, पण त्या कुत्र्याच्या मालकिणीनं "काय झालंय हो त्याला?" एवढं विचारलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. उत्तर दीडशे द्यायची.

आता ही दीडशे कोण, तर पलीकडच्या गल्लीतल्या बस ड्रायव्हरची मुलगी. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या अर्जासोबत दवाखान्यात दीडशे तास काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी एक वही घेऊन ती दारात उभी राहिली. दर तासाला वही पुढे करायची, सही घ्यायची. डॉक्टरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, आकडा राहिला. तीन महिन्यांत दीडशे तास भरले. ती यायची थांबली नाही, आणि डॉक्टरांनीही तिला ही बाब लक्षात आणून दिली नाही.

आल्या आल्या तिनं कार्डं लावली होती. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागत नसे, म्हणून सगळी पुन्हा लिहून काढली, आणि नावांप्रमाणे न लावता स्वभावाप्रमाणे लावली. तीन खोकी केली. एकावर लिहिलं 'चावतात', दुसऱ्यावर 'चावत नाहीत', तिसऱ्यावर 'मालक चावतात'. तिसरं खोकं सगळ्यात जाड होतं. कोण कुठल्या खोक्यात बसतं ते तिलाच ठाऊक. थोडक्यात, दवाखान्याच्या किल्ल्या डॉक्टरांच्या खिशात होत्या आणि दवाखाना दीडशेच्या डोक्यात.

अशात मुलाखतीचं पत्र आलं.

"डॉक्टर, माझी तयारी घ्याल?" तिनं विचारलं.

"घेतो की," डॉक्टर म्हणाले. इतक्या चटकन त्यांनी कुणाला होकार दिल्याचं त्यांच्या बायकोला आठवत नव्हतं. ती डॉक्टरीणबाई, पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं बसून निवृत्त झालेली. बंद पाकिटात काय आहे ते वरून हात फिरवून सांगणारी. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मीही बसते. मुलाखतीला दोन तरी माणसं समोर लागतात."

डॉक्टरांचा बेत असा होता. तरुणपणी ते स्वतः पहिल्या मुलाखतीत आपटले होते. त्या दिवशी दिलेलं एकेक उत्तर त्यांना आजही तोंडपाठ होतं, कारण पुढचं अख्खं वर्ष त्यांनी त्याच उत्तरांना शिव्या घालत काढलं होतं. तीच उत्तरं ते दीडशेला देणार होते. पोर काही कायमची बुडणार नव्हती. एक वर्ष थांबेल, आणखी पिकेल, तिच्याच भल्याचं आहे, असं ते दाढी करताना आरशाला समजावत. आरसा ऐकून घेई.

पहिल्या रविवारी दवाखाना बंद ठेवून तपासणीच्या टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई बसले, दुसऱ्या बाजूला दीडशे, मांडीवर वही.

"पशुवैद्य का व्हायचंय?" डॉक्टरांनी घसा खाकरून विचारलं.

"मला प्राणी—"

"थांब. प्राणी आवडतात, हे येणारा जाणारा म्हणतो. तू म्हणायचं, मला माणसं आवडत नाहीत."

याच वाक्यावर त्यांना चौथ्या मिनिटाला दार दाखवण्यात आलं होतं.

दीडशे लिहू लागली आणि पेन मध्येच थांबलं. "पण डॉक्टर, जनावर एकटं येतच नाही. प्रत्येकाला टोकाशी एक माणूस लावलेला असतो. मांजराला आठ दिवस गोळी कोण देणार? माणूसच. माणूस नको म्हटलं तर आपलं औषध दारातच पडून राहील."

"हेच लिही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "शब्दसुद्धा बदलू नकोस."

डॉक्टर पाणी प्याले. "बरं. तुमच्या अंगातला एखादा दोष सांगा. याला उत्तर एकच, माझ्यात दोष नाही."

"आहे की," दीडशे म्हणाली. "मी सारख्या दुरुस्त्या करते. समोरच्याला राग येतो."

"कधी केल्यास?"

"आत्ताच नाही का केली?"

डॉक्टरीणबाईला इतकं हसू आलं की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. दीडशे आत हात धुवायला गेली तशी ती नवऱ्याकडे झुकली. "अहो, तुम्ही तिला शिकवताय का पाडताय?"

"काहीतरीच काय!"

"नाही, आपलं विचारलं. पाडायचंच असेल तर जरा नीट पाडा. अशानं ती पहिली येईल."

दुसऱ्या रविवारी तेच. डॉक्टरांनी सात खड्डे खणले, दीडशेनं सातही बुजवून वर फरशी बसवली. तिसऱ्या रविवारी मात्र खड्डा भलत्याच ठिकाणी निघाला, आणि त्यात डॉक्टरच उभे होते.

"तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा," त्यांनी सहज विचारलं. हा प्रश्न कागदावर होता म्हणून.

दीडशेनं वही मिटली. मग म्हणाली, "कासव."

डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद खाली ठेवला.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षीच्या थंडीत व्हायोलिनच्या बाई आपलं कासव खोक्यात घालून घेऊन आल्या. बाई एकट्या राहत, घरी मुलांना व्हायोलिन शिकवत, आणि वडिलांच्या वेळेपासून घरात असलेल्या त्या कासवाला साहेब म्हणत. "साहेब उठत नाहीत," त्या म्हणाल्या. डॉक्टरांची हयात कुत्र्यामांजरांत गेलेली. त्यांनी अर्धं मिनिट स्टेथोस्कोपची नळी लावली, पाय ओढून पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गेले." बाई ओक्साबोक्शी रडल्या. खोकं परत न्यायचा त्यांना धीर होईना, तेव्हा "पुढचं आम्ही बघू" असं दीडशेनंच त्यांना सांगितलं. खोकं मागच्या खोलीत, पाणी तापवायच्या बंबावरच्या फळीवर ठेवलं. पुरायचं म्हणून. पण त्या थंडीत जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ उसळून परत यायची.

तिसऱ्या दिवशी दीडशे टॉवेल आणायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. "डॉक्टर," ती म्हणाली, "साहेब पुठ्ठा खाताहेत."

कासवं थंडीत महिनोन्‌महिने झोपतात, छाती जेमतेम चालते, हे डॉक्टरांनी कॉलेजात एका पानावर वाचलं होतं. ते पान त्यांना तेव्हा कुठे आठवलं. त्यांनी बाईंना फोन लावला, आणि "साहेब जिवंत आहेत" एवढंच तोंडातून निघतंय तोवर बाई पलीकडून किंचाळल्या, "तुम्ही त्यांना परत आणलंत!"

यावर बोलायला हवं होतं. पण माणसांशी बोलणं हा डॉक्टरांचा प्रांत नव्हता. ते गप्प राहिले. बाईंना वाटलं, काय हा विनय! त्यांच्याकडे चौदा घरची मुलं शिकायला येत. आठवड्यात चौदाही घरांत गेलं, महिन्यात सगळ्या शहरात, की मेलेलं कासव उठवणारा एक डॉक्टर आहे आणि स्वतःहून त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. लोक बाहेरगावाहून येऊ लागले. डॉक्टर दीडशेला इतकंच म्हणाले होते, "जाऊ दे." तिनं जाऊ दिलं.

"ती चूक तुझी कुठे आहे?" डॉक्टर आता टेबलाची कड धरून म्हणाले.

"बेकरीवाल्यांचा कुत्रा आठवतो?" दीडशे म्हणाली. "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, याला आता यातनांतून सोडवा. ते म्हणाले, कासव उठलं, हाही उठेल. तीन आठवडे रोज उचलून आणत होते. तो कुत्रा तीन आठवडे नुसता सोसत होता, डॉक्टर. मी रोज दार उघडून त्यांना आत घेत होते आणि मला खरं काय ते माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं."

डॉक्टरीणबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. या खेपेला पाकिटावरून हात फिरवायची गरज नव्हती, पाकीट उघडंच होतं.

"तिथे असलं काही विचारत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्याच कागदावर आहे."

"मग दुसरी सांग. साधी. सशाचा पिंजरा उघडा राहिला, ससा पळाला, तू शोधून आणलास."

"असं झालंच नाही."

"व्हायला काय हरकत होती?"

दीडशेनं प्रयत्न केला. पहिल्या वाक्याला तिच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या, दुसऱ्याला लाल, आणि ससा पळाला त्या ठिकाणी दोन्ही कान पेटलेल्या निखाऱ्यासारखे दिसू लागले. डॉक्टरीणबाईनं तिला पाणी दिलं.

"केस कानांवर घे," डॉक्टर म्हणाले. तयारी तिथे संपली. जाताना दीडशे दारात थांबली. "मी तुमचं सांगणार नाही, डॉक्टर. निम्मी चूक तुमची आहे, ती तुम्हाला न विचारता मी कशी वाटू?"

ती गेल्यावर डॉक्टरीणबाई टेबल पुसू लागली. त्या दिवशी तिनं नवऱ्याला टोमणा मारला नाही. डॉक्टरांना त्याचंच जास्त लागलं.

मुलाखत बुधवारी होती. सकाळपासून डॉक्टर दवाखान्यात एकटे. पहिलं मांजर कपाटाखाली गेलं ते गेलंच. दुसऱ्या मांजराचं कार्ड 'चावतात'मध्ये नव्हतं, म्हणून डॉक्टर निर्धास्त झाले, आणि अंगठ्याला पट्टी बांधून पुढे कामाला लागले. अकराच्या सुमारास बाहेरच्या बाकावर दोघी होत्या. एक व्हायोलिनच्या बाई, मांडीवर साहेब. साहेबांच्या तोंडाची कड वाढली होती, ती कापून घ्यायची होती. दुसरी एक जाडजूड मावशी, दोन तास गाडी चालवून आलेली, पायाशी घोंगडीवर एक म्हातारा, आंधळा कुत्रा. त्याचा श्वास बाकापर्यंत ऐकू येत होता.

"काही काळजी करू नका," बाई मावशीला सांगत होत्या. "या साहेबांना इथूनच परत आणलंय."

फोन वाजला. फोन बाकासमोरच्या टेबलावर होता आणि त्याची दोरी हातभर.

"पशुवैद्यक महाविद्यालयातून बोलतेय," एक बाईमाणसाचा करडा आवाज आला. "निवड समिती. तुमच्याकडे काम करणारी मुलगी आमच्यासमोर होती, आता बाहेर बसवलीय."

"काय केलं तिनं?"

"काही करत नाही हीच पंचाईत आहे. बाकी सगळी उत्तरं उत्तम. चूक विचारली तर कुठल्याशा सशाचं सांगायला लागली. कान असे लाल झाले की मला वाटलं ताप आलाय. मग स्वतःच म्हणाली, हे खोटं आहे, माफ करा. खरी एक आहे, पण ती निम्मी डॉक्टरांची, त्यांनी परवानगी दिली तरच सांगेन. अठरा वर्षं मुलाखती घेतेय, चुकीची वाटणी करणारा उमेदवार पहिल्यांदा पाहिला. या प्रश्नाला वीस गुण आहेत. वीस गेले तर तिची जागा गेली. देताय परवानगी?"

आता पाहा, डॉक्टरांना काहीच करायचं नव्हतं. "नाही" एवढे दोन अक्षरी कष्ट. मुलगी राहणार, कार्डं राहणार, चमत्कार राहणार. तीन रविवार घाम गाळून जे साधलं नाही, ते फोनवर आयतं चालून आलं होतं.

त्यांनी बाकाकडे पाहिलं. मावशी वाकून कुत्र्याच्या कानात काहीतरी सांगत होती. उठशील हं तू, असंच काहीसं.

"देतो," डॉक्टर म्हणाले. आणि लगेच त्यांना हलकं वाटलं. सांगू दे तिला तिकडे! तिकडचं इकडे कोण ऐकतंय?

"छान," पलीकडचा आवाज म्हणाला. "मग आधी तुम्ही सांगा. तिला मी नंतर आत घेते. दोघांचं जुळलं तर गुण. नाहीतर उद्या कुणीही फोनवर डॉक्टर उभा करील."

"मी?" डॉक्टरांची बोबडी वळली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, हातभर दोरी जाईल तितके लांब गेले आणि पुटपुटले, "ते एक कासव..."

"काय? ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

"कासव!"

बाकावर साहेबांची मान बाहेर आली. बाईंचीही.

"कासव होतं," डॉक्टर ओरडून म्हणाले. एकदा आवाज चढल्यावर तो खाली कसा आणायचा हे त्यांना माहीत नव्हतं, सवयच नव्हती. "मेलं नव्हतं! झोपलं होतं! थंडीत झोपतात ती. मला ओळखता आलं नाही. मी अर्धं मिनिट ऐकलं आणि गेलं म्हणून सांगितलं. ऐकायला हवं होतं तासभर. ऊब लागली तसं आपोआप जागं झालं. मी काहीएक केलेलं नाही! लोक म्हणाले चमत्कार, मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यापायी एका कुत्र्याचे तीन आठवडे हाल झाले."

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. "आणि यात मुलीची चूक?"

"तिची काही नाही. मी तिला बोलू दिलं नाही."

"ती निम्मी म्हणते."

"तिला दुरुस्त्या करायची खोड आहे. ही दुरुस्ती चुकलीय. सगळी माझी."

"ठीक," आवाज म्हणाला. त्यात आता तेवढा करडेपणा नव्हता. फोन बंद झाला.

डॉक्टर वळले. व्हायोलिनच्या बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे साहेब नुसते झोपले होते?"

"हो."

"मी तीन दिवस शिकवण्या बंद ठेवल्या होत्या. तीन दिवस जेवण घशाखाली गेलं नव्हतं."

डॉक्टरांनी फोन नीट जागेवर ठेवला.

"तुम्ही त्यांचं पुढे काय करणार होतात?"

"पुरणार होतो."

"जिवंत?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. "कुदळ चालली असती तर... हो."

बाईंनी साहेबांना छातीशी धरलं, पदर त्यांच्यावर घेतला आणि तोंडाची कड न कापताच तरातरा निघून गेल्या.

मावशी तशीच बसून होती. "मग याचं काय?" तिनं घोंगडीकडे बोट केलं.

बाजूला बोलायला दीडशे नव्हती. डॉक्टर जमिनीवर, घोंगडीच्या कडेला बसले. गुडघे कटकन वाजले. नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि मग ते बोलले. अडखळत, तीच तीच वाक्यं पुन्हा म्हणत, पण बोलले. याला किती दुखतंय, किती दिवस दुखेल, आणि दुखू द्यायचं नसेल तर काय करता येईल. मावशी खूप रडली. मग तिनं विचारलं, "तुमचा असता तर काय केलं असतंत?" डॉक्टरांनी तेही सांगितलं. घोंगडी दोघांनी मिळून उचलली.

संध्याकाळी दीडशे आली ती भांडतच. "डॉक्टर, माझी निम्मी तुम्ही कशाला घेतलीत? तिथं जुळलंच नाही ना! मी म्हणतेय निम्मी, समितीच्या बाई म्हणतात, डॉक्टर तर 'सगळी माझी' म्हणाले. मी म्हटलं, ते चुकताहेत. पाच मिनिटं त्यावरच वाद."

"मग?"

"मग त्या हसायला लागल्या. का ते काही सांगितलं नाही."

तीन आठवड्यांनी यादी लागली. दीडशेचं नाव होतं, आणि बरंच वर होतं. डॉक्टरीणबाईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमची तयारी फळाला आली हो." डॉक्टर आरशासमोर दाढी करत होते. त्यांनी आरशाकडे पाहिलं नाही.

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात व्हायोलिनच्या बाई दवाखान्यात आल्या. एकट्याच. बसल्या नाहीत. "साहेब काल झोपले," त्या म्हणाल्या. "आता ते झोपलेत का गेलेत, हे मला कोण सांगणार?"

"मी."

"कसं?"

"ऐकून. तासभर ऐकावं लागतं."

"मग ऐका. दर गुरुवारी चार वाजता माझ्या घरी यायचं, उन्हाळा लागेपर्यंत. गुरुवारी नवशिक्यांचा वर्ग असतो, पण मी काही तुमच्यासाठी तो हलवणार नाही."

तेव्हा कुणी किती किंमत मोजली, ते असं. दीडशेचे दोन कान थोडा वेळ तापले, बदल्यात जागा मिळाली. मावशीनं कुत्रा दिला, पण त्याचे हाल वाचवले. व्हायोलिनच्या बाईंचे तीन दिवसांचे उपास आणि रडणं कुणालाच भरून देता येणार नाही, ते त्यांच्याच नावावर राहिलं. साहेबांनी छदामही दिला नाही, ते झोपलेत. बाकी उरलं ते डॉक्टरांनी. ते गुरुवारी चार वाजता खोक्याशी मांडी घालून, कानात नळी घालून बसतात. साहेबांचं काळीज थंडीत मिनिटाला एकदोनदाच वाजतं, आणि एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत सहा नवशिके आपापलं व्हायोलिन एकेकदा पुरतं खरवडून घेतात.